माझ्या खिडक्या, तिची खिडकी

सोमवार, ११ नोव्हेंबर

परत बदललंय! सकाळी सातला कॉम्प्युटर लावला, फोल्डरवर एकदाच क्लिक केलं तर टपकन उघडला. आणि उघडला तोही त्याच खिडकीत – आधीचा फोल्डर गिळून! मला हे चालत नाही. माझी पद्धत ठरलेली: दोनदा क्लिक करायचं, आणि प्रत्येक फोल्डर आपापल्या वेगळ्या खिडकीत उघडायचा. दहा मिनिटं घालवून सगळं पूर्ववत केलं.

हे काम दुपारवालीचं. दुसरं कोण करणार? ड्रॉइंग रूममध्ये कॉम्प्युटर एक, माणसं दोन. सात ते तीन मी, तीन ते अकरा ती. पासवर्डसुद्धा एकच. तिला येऊन आठ महिने झाले. आणि माझी या कारखान्यात चोवीस वर्षं.

मंगळवार, १२

परत!

बुधवार, १३

लिहून काढतो, म्हणजे डोकं थंड होईल.

वीस वर्षं पंपांची ड्रॉइंग्ज मी लाकडी खणांत सांभाळली. खण ओढला की ओढलेला राहायचा. आपण हाताने ढकलेपर्यंत तिथेच. मागे वळून बघितलं की कळायचं – इथून आलो, इथे थांबलो, इथलं काढलेलं अजून परत ठेवायचंय. चार वर्षांपूर्वी खण गेले. सगळं स्कॅन होऊन कॉम्प्युटरमध्ये बसलं. दोन खोल्यांच्या शाळेत शिकलेला माणूस मी, पंचेचाळिसाव्या वर्षी माउस हातात धरला. पहिले दोन महिने रोज हरवायचो. मग एक दिवस ते वेगळ्या खिडकीचं सेटिंग सापडलं. खण परत मिळाले असं वाटलं. त्या दिवशी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली होती, आठवतं.

तिच्या पद्धतीत पुढच्या खोलीत पाऊल टाकलं की मागची खोली नाहीशी. बाण दाबून परत यायचं. कुठून आलो ते लक्षात असेल तर!

लेथ यंत्रावरचा टर्नर एकदा माझा पडदा बघून म्हणाला होता, "महाराज, पत्ते पिसायला घेतलेत की काय?" तो मला महाराज म्हणतो, मी जेवणाआधी हात जोडतो म्हणून. एकोणीस वर्षांची दोस्ती. रोज दहा वाजता लेथ सोडून माझ्याकडे चहाला यायचा.

यायचा. आता येत नाही.

शुक्रवार, १५

डबा विसरला म्हणून तीननंतर वर गेलो. आतून टर्नरचा आवाज! दारातच थांबलो. तिच्या खुर्चीजवळ स्टूल ओढून बसलेला. माझं स्टूल! ती म्हणाली, "आज चार." तो म्हणाला, "काल तीनच होते ना?" मग दोघंही पडद्याकडे वाकले. मी खाकरलो तर टर्नर उडालाच. "अरे महाराज! घरी नाही गेलात?"

काय चार? काय तीन? माझ्या चुका मोजतात की काय!

डबा घेऊन निघालो. एवढ्या वर्षांचा मित्र, आणि आठ महिन्यांपूर्वी आलेल्या पोरीच्या शेजारी हळू आवाजात बोलत बसतो. तीन वाजता चहा पितो म्हणे आता.

संध्याकाळी जपाला बसलो. मन लागेना. एका नामाला दोन-दोन मणी पुढे सरकत होते. तीनदा पहिल्यापासून सुरुवात केली. ही आतून म्हणाली, "माळ ओढताय की विहिरीचा दोर?"

शनिवार, १६

साहेबांनी दोघांना बोलावलं. डिसेंबरपासून ड्रॉइंग रूम एकाच पाळीत चालणार. एकजण इथे, एकजण खाली स्टोअरला. महिनाअखेर ठरवतो म्हणाले. मग तिच्याकडे बघून – "तुमच्या पाळीत ड्रॉइंग पटकन मिळतं असं फोरमन सांगत होते."

पटकन! आणि ते ड्रॉइंग कोणत्या पंपाचं, कोणत्या साली बदललं, का बदललं – हे तिला कोण सांगणार? मी बोलणारच होतो. चहाची बशी हातात होती, ती इतकी खडखडली की साहेबांनी वर बघितलं. राग असा हातात उतरतो.

शाळेत गुरुजी म्हणायचे, "दुसऱ्याच्या पाटीत डोकावू नकोस, तुझी पुसली जाईल." बसमध्ये सगळी वाट तेच आठवत आलो. तरी डोकावतोच आहे.

सोमवार, १८

पडद्याच्या कडेला चिठ्ठी चिकटवली: 'कृपया सेटिंग बदलू नये.' चार वेळा लिहिली. पेन भिकार आहे, अक्षर वेडंवाकडं येतं. गावात माझं अक्षर फळ्यावर सुविचार लिहायला घ्यायचे.

मंगळवार, १९

तिने चिठ्ठीखाली लिहिलंय – 'काका, एक क्लिक राहू द्या ना. खिडकीही एकच. तुम्हाला बरं पडेल.'

काका! आणि मला काय बरं पडेल ते ही ठरवणार! अक्षर मात्र मोत्यासारखं. त्याचाही राग आला.

चिठ्ठी फाडली. सेटिंग परत माझं.

गुरुवार, २१

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

नऊ वाजता फोरमनला बारा नंबर पंपाच्या पंख्याचं ड्रॉइंग हवं होतं. भट्टी तयार, साचा अडलेला. बघतो तर बारा नंबरचा फोल्डरच नाही! अकरा आहे, तेरा आहे, मध्ये बारा नाही. घाबरलो की मला शोधायची चौकट वगैरे सुचत नाही. एकेक फोल्डर उघडत सुटलो. चाळीस खिडक्या झाल्या असतील, एकाखाली एक झाकलेल्या; कोणती बघितली, कोणती राहिली तेच कळेना. फोरमन मागे उभा – "अहो, सापडतंय का? तिकडे लोखंड वाट बघत नाही!" दुपारपर्यंत सापडलं नाही. साचा उद्यावर गेला.

मी साहेबांकडे गेलो. नाव घेतलं नाही. फक्त म्हटलं, "मी ठेवतो तसं सकाळी सापडत नाही, साहेब. रोज कोणीतरी फिरवतं." नाव न घेता नाव घेणं मला जमतं हे आज कळलं.

तीनला ती आली, आणि पाच मिनिटांत तिला सापडलं! अकरा नंबरच्या पोटात होता म्हणे. मी जिन्यातच होतो तेव्हा फोरमन ओरडून सांगत गेला.

पाच मिनिटांत. ज्याने लपवलं त्यालाच सापडणार! बसमध्ये बसल्यावर गार वाटलं. पकडली!

शुक्रवार, २२

साहेबांनी निकाल लावला. सोमवारपासूनच ती स्टोअरला. दुसरी पाळी बंद. त्यांनी तिला माझ्यासमोर विचारलं, "फोल्डर कोणी हलवला?" तिने एकदा माझ्याकडे बघितलं, मग खाली. पुन्हा विचारलं तर म्हणाली, "चुकून झालं असेल, साहेब." बस्स.

जिंकलो. घरी सांगितलं. ही म्हणाली, "मग तोंड असं का? पेढे आणायचे सोडून." मग माझ्या बाहीचं बटण लावून दिलं. हल्ली तीच लावते. बटणांची भोकं धुवून धुवून आवळलीत.

सोमवार, २५

आजपासून खोली माझी. सेटिंग माझं, ते तसंच राहणार. खिडक्या खणांसारख्या मांडून बसलो. कोणी बदलणारं नाही.

दहाला टर्नर आला नाही. तीनलाही नाही.

मंगळवार, २६

सोळा नंबर नाही.

सकाळी मीच बघितला होता. अकरा वाजता नाही. पंधराच्या पोटात बघितलं – आहे! आणि तिथेच आणखी दोन, कालचे.

ती शुक्रवारपासून या खोलीत आलेली नाही.

मग मी सतरा नंबरवर माउस नेला आणि क्लिक न करता आधी नुसतं बोटाकडे बघत राहिलो. मग दोनदा दाबलं. दोन दाबांच्या मध्ये बोट थरथरलं, माउस सरकला. सतरा नंबर माझ्या डोळ्यांसमोर उचलला गेला, सोळाच्या रिकाम्या जागेवरून पंधराकडे गेला आणि आत पडला. आवाजसुद्धा झाला नाही.

बुधवार, २७

मीच लेथवर गेलो. टर्नरने यंत्र बंद केलं नाही. मी तिथेच उभा राहिलो. शेवटी केलं.

"कळलं?" म्हणाला.

"तुला कधीपासून माहीत?"

"उन्हाळ्यापासून. तू चहा सांडायला लागलास तेव्हापासून. तुला एकदा म्हटलंही, हात दाखव. तू म्हणालास, कप निसरडा आहे."

ती रोज तीनला आल्या आल्या पहिली दहा मिनिटं माझे पडलेले फोल्डर जागेवर लावायची. आणि हा रोज तिला विचारायला जायचा – आज किती? त्या दिवशी चार होते. आदल्या दिवशी तीन.

"मला का नाही सांगितलंस?"

"ती म्हणाली, काकांची चोवीस वर्षं आहेत, कोणाला बोलायचं नाही. एक क्लिक केलं तर सरकणार नाही. खिडकी एकच असली तर पडायला दुसरी खिडकी नसेल. बघू म्हणाली." मग हातातला कपडा यंत्रावर आपटला. "आणि तू साहेबांकडे गेलास, महाराज!"

मी तसाच जिना चढून वर आलो.

गुरुवार, २८

साहेबांना सगळं सांगितलं. फोल्डर कोणी हलवला ते, आणि मी काय केलं ते. हात टेबलावर ठेवून दाखवला. सोमवारपासून ती दिवसपाळीला वर, मी स्टोअरला. कारखान्याच्या डॉक्टरांनी मोठ्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली.

घरी हिला सांगितलं. हिने माझे दोन्ही हात हातात घेतले. "बटणांची भोकं नव्हती हो आवळली," एवढंच म्हणाली.

शुक्रवार, २९

निघण्याआधी तिच्यासाठी सेटिंग बदलून ठेवलं – एक क्लिक, एक खिडकी. तिला आवडतं तसं.

आज माळ घेतली नाही. नुसतं नाव घेतलं.

सोमवार, २ डिसेंबर

माफी मागायला वर गेलो. ती पाठमोरी होती. पडद्यावर खिडक्याच खिडक्या – अकरा, बारा, तेरा, प्रत्येक वेगळी, ओढलेल्या खणासारखी. दोनदा क्लिक करत होती, टक-टक. मी शुक्रवारी लावलेलं एका क्लिकचं सेटिंग तिने काढून टाकलेलं. मला बघून ती घाईघाईने खिडक्या मिटायला लागली.

राहू दे, म्हटलं.