सुईच्या टोकावरचा जाळ

प्रिय बाबा,
पौर्णिमाचा जयभीम.

मी इथं जर्मनीत बरी आहो. जेवण वेळेवर होते. आईचे गुडघे कसे आहेत? धाकटा अंकुर तिवस्याले कालेजात जाते का?

तुमी विचारत होते, पोरगी तिथं करते काय. मी इथल्या प्रयोगशाळेत एक रबर बनवून रायली. ते तापवलं की वितळते अन् पुन्हा साच्यात ओतता येते. त्याची दोन टोकं मक्याच्या साखरेपासून केलेली असतात, ती मातीत जिरतात. मधला रबरी भाग मात्र जिरत नाही.

एक गोष्ट फोनवर सांगतली नाही. मंगळवारी त्या मधल्या भागासाठी लागणारं रसायन इंजेक्शनसारख्या सुईनं बाटलीतून ओढत होती. ते हवेले लागलं की पेटते. सुई निसटली अन् हातमोजा पेटला. बाजूले काम करणाऱ्या लेना नावाच्या पोरीनं तो ओढून काढला. दोन बोटं भाजली, आता फोड सुकले.

तवापासून मी सुई धरली नाही. माझ्या गाईड सरांले रोज नवीन कारण सांगते. काल ते म्हणाले, "जमणार नसेल तर तसं सांग."

"सोमवारी करते," मी म्हटलं. पण मले लय भेव वाटते, बाबा.

तुमी लाइनमन असताना चांदूर रेल्वे गावात करंट लागून खांबावरून पडले होते. महिन्यानं त्याच खांबावर चढले. कसे चढले, ते कधी सांगतलं नाही. फोन आई स्पीकरवर ठेवते, म्हणून लिहूनच पाठवा.

तुमचं पत्र येईपर्यंत सोमवार होऊन जाईन. तरी लिहा. सुई त्याच्यानंतरही रोज धरायची आहे.

तुमची लेक,
पौर्णिमा