पाठीच्या कण्यातलं पाणी

कलकत्ता, ११ डिसेंबर १९५२

तीर्थरूप आप्पांस, कालिंदीचा नमस्कार.

डॉक्टरसाहेबांची माफी मागून नोकरी टिकव, असं तुम्ही लिहिलंत. तुमच्या ओळखीमुळेच त्यांनी मला इस्पितळाच्या प्रयोगशाळेत घेतलं, हे मी विसरलेले नाही. तरी माफी मी मागणार नाही.

इथून जवळच्या बजबज गावातल्या गिरणी-कामगाराची मुलगी शेफाली, तेरा वर्षांची. तीन आठवडे तिचं डोकं दुखत होतं, उलट्या होत होत्या, आईवरही ती खेकसायची. साहेब म्हणाले, "या वयात पोरी नाटकं करतात." तिच्या पाठीच्या कण्यातलं पाणी माझ्याकडे आलं. ते स्वच्छ दिसतंय, तेव्हा दोष नाही असं लिहून दे, असा त्यांचा निरोप होता. मी लिहिलं नाही. नळी तशीच ठेवली. सकाळी नळीतल्या पाण्यात कोळिष्टकासारखा धागा तरंगत होता. तो काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली साडेतीन तास शोधलं, तेव्हा क्षयाचे जंतू दिसले. क्षय मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला होता.

सगळ्यांसमोर साहेबांनी विचारलं, "डॉक्टर तू आहेस की मी?"

"आपणच. म्हणून तर बघायला चला म्हणते."

एवढाच माझा उद्धटपणा.

त्याच दिवशी क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन सुरू झालं. त्या औषधापायी शेफालीला आता एका कानानं ऐकू येत नाही, पण परवा ती आईचा हात धरून चालत घरी गेली.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तुम्हाला दुखवायचा धीर मला होत नाही. नोकरी सोडायचा मात्र होतो.

तुमचीच,
कालिंदी