राश्को हवालदाराविरुद्धचा अर्ज

गोर्नी याब्लान,
१८ नोव्हेंबर २००१

चि. सौ. ल्युबिंका हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

घरात फोन असताना ही बया पत्र का लिहिते, म्हणशील. फोनवर हल्ली मधेच टक् असं वाजतं, आणि आजचं मला तिसऱ्या कानाला ऐकवायचं नाही.

परवा आपल्या कुळाच्या संताचा सण, स्लावा झाली. तू आली नाहीस त्याचा राग आहेच, तो नंतर काढीन. गहू मऊ शिजला होता, अक्रोड हात न आखडता घातले होते. पंधरा-सोळा माणसं टेबलाशी असताना दारात नवा पोलीस हवालदार, राश्को. साध्या कपड्यांत, हातात कॉफीचा पुडा. सप्टेंबरात शहरातून आपल्या ठाण्यावर बदलून आलाय.

स्लावेला कुणाला बोलावणं नसतं, आलेल्याला परत धाडणं नसतं, आणि का आलास हे तर विचारायचंच नसतं. मी चमचाभर गोड गहू पुढे केला. त्यानं क्रूसाची खूण केली, खाल्ला, राकियाच्या पेल्याला ओठ लावले आणि बसला. मग एकेकाला गाय दोहायची आठवण झाली. ज्यांच्याकडे गाय नाही त्यांनासुद्धा. शेजारची पेर्सा तेवढी हलली नाही. मला एकटीला त्याच्यासमोर सोडायचं नाही म्हणून कोबीच्या पानात गुंडाळलेल्या सारमाची तिसरी ताटली घेऊन बसली. तोही दोन तास बसला. भिंतीवरच्या फोटोंकडे बघत होता, उरोशकडे बघत होता, आणि एक अक्षर न बोलता गेला.

उरोशचा खटला एप्रिलात लागतोय, तुला ठाऊक आहे. जुन्या सरकारविरुद्ध भिंतीवर कागद चिकटवले म्हणून त्याला शहरातल्या ठाण्यात नेलं, दोघांनी मारून माझ्या पोराचा डावा कान कायमचा घालवला, आणि जिन्यावरून पडला असं लिहून मोकळे झाले. दोघे अजून त्याच खुर्च्यांवर आहेत. वकीलबाई म्हणतात की आतलं एक माणूस साक्षीला आलं तर आशा आहे, नाहीतर धरू नका. अशा वेळी हा आमच्याकडे कोण येतं-जातं ते टिपायलाच आला असणार. दुसरं काय असणार?

स्तेवानना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
कोसारा


नोव्ही साद,
३० नोव्हेंबर २००१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गुडघ्यांनी मला खुर्चीत बांधून ठेवलंय, त्यांच्यावर राग काढ. पण हवालदाराला गहू मिळतो आणि सख्ख्या बहिणीला मिळत नाही, हे मी मरेपर्यंत ऐकवणार आहे.

आता कामाचं. यांनी पत्र दोनदा वाचलं. रेल्वेत तीस वर्षं काढल्यामुळे यांना वर्दीतली माणसं चांगली कळतात. हे म्हणतात की ती जात कुणाच्या घरी फुकट जेवायला जात नाही. सरकार बदललं, टोप्यांवरचे बिल्ले बदलले, टोपीखालची डोकी तीच आहेत. आमच्या इमारतीत तळमजल्यावरचा गृहस्थ किती गोड बोलायचा, सगळ्यांच्या पोरांची नावं पाठ. मागाहून कळलं की तो ती लिहूनही काढायचा.

फोटो भिंतीवरून उतरवून मागे काही चिकटवलंय का ते बघ. कॉफी उघडू नकोस, असं हे म्हणतात. मी म्हणते उघड, पण पहिला कप पेर्साला पाज.

उरोशला सांभाळ. तुझा धीर सुटला तर तो केस मागे घेईल, आणि तेच त्यांना हवंय.

लोभ असाच राहू दे, रागासकट.

तुझी,
ल्युबिंका


गोर्नी याब्लान,
२० जानेवारी २००२

चि. सौ. ल्युबिंका हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोटोंमागे कोळ्याची जाळी निघाली, एवढंच. कॉफी पेर्साने घेतली आणि ती ठणठणीत आहे, उलट जास्तच बोलते.

तो मात्र आणखी दोनदा येऊन गेला. एकदा म्हणे कुत्र्याला लस टोचल्याचा कागद बघायचाय. आपलं कुत्रं मरून तीन वर्षं झाली, आणि ते साऱ्या गावाला माहीत आहे. दुसऱ्यांदा बर्फामुळे धुराडं तपासायला. धुराडी पोलीस कधीपासून तपासायला लागले? दोन्ही वेळा पेर्सा सपाता घालून बर्फातून धावत आली. दुसऱ्या खेपेला त्यानं फाटकात टोपी काढली, काकू म्हणून हाक मारली आणि विचारलं की उरोश शहरातल्या छापखान्यातून घरी कधी येतो, आणि तेव्हा घरी आणखी कुणी असतं का. मी काही बोलायच्या आत पेर्सा पोचली. तिला बघून त्यानं टोपी घातली आणि गेला.

रविवारी उरोशला सांगितलं. तो म्हणाला की आई, केस मागे घेतो, तुझ्या दाराशी हे नको. बाविसाव्या वर्षी पोरगं उजवा कान पुढे करून बोलणं ऐकतं, आणि वर काळजी माझी करतं. मला रडू आवरलं नाही. केस मागे घ्यायची नाही, असं मी त्याला बजावलंय. पण या माणसाचं काय करू ते सांग.

उत्तर लवकर धाड.

तुझी ताई,
कोसारा


नोव्ही साद,
२ फेब्रुवारी २००२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काय करायचं ते आम्ही दोघांनी बसून ठरवलंय. जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाला रजिस्टर पत्रानं अर्ज कर. मजकूर वेगळ्या कागदावर देते, तुझ्या अक्षरात उतरवून घे. हवालदार राश्को खोटी निमित्तं काढून घरी येतो, पाळत ठेवतो, मुलगा एकटा कधी सापडेल याची चौकशी करतो, आणि या माणसाच्या शब्दावर आमचा काडीचा भरवसा नाही. हे शेवटचं वाक्य गाळू नकोस हं. मिळमिळीत लिहिलेलं वरचे लोक वाचत नाहीत.

एक प्रत वकीलबाईंना दाखवावीस असं मला वाटत होतं, पण हे म्हणतात की तिचा तरी काय नेम. तेव्हा राहू दे.

कळावे. मन घट्ट ठेव, आमची आठवण त्याहून घट्ट.

तुझी,
ल्युबिंका


गोर्नी याब्लान,
१४ एप्रिल २००२

चि. सौ. ल्युबिंका हिस,
आशीर्वाद.

निकाल लागला. दोघे सुटले.

कसे सुटले ते सांगते. सकाळी वकीलबाई धावत आल्या आणि म्हणाल्या की आतला साक्षीदार मिळाला, काल आपणहून माझ्याकडे आला. दार उघडलं आणि राश्को आत आला. त्यानं शपथ घेऊन सांगितलं की उरोशला मारलं त्या दिवशी तो त्याच ठाण्यात नवा शिपाई होता, खोलीच्या उघड्या दाराबाहेर उभा होता, आणि सगळं बघितलं. जिना त्या मजल्यावर नव्हताच. न्यायाधीशांनी विचारलं की इतके दिवस गप्प का होतास. तो म्हणाला की आधी भीती वाटत होती. मग साक्षीनंतर त्रास त्या घरालाही होईल, म्हणून उरोशच्या आईला विचारून मगच बोलायचं ठरवलं. तीनदा गेलो, दर वेळी कुणीतरी होतं, आणि कशाला आलास हे मला कुणी विचारलं नाही.

मला त्याची फाटकात काढलेली टोपी आठवली, ल्युबिंका.

मग त्या दोघांचा वकील उठला. त्याच्या हातात मी पोलीसप्रमुखाला धाडलेला अर्ज होता. त्यानं तो अख्खा वाचला, शेवटचं वाक्य दोनदा. मला उभं करून विचारलं की अक्षर तुमचंच ना. मी हो म्हटलं. लिहिलं तेव्हा खरं वाटत होतं ना? शपथेवर होते, हो म्हटलं. आज मात्र माझा या मुलावर भरवसा आहे, असंही मी ओरडून सांगितलं. वकील हसून म्हणाला की आज तो तुमच्या सोयीचं बोलतोय, आज असणारच. ज्या माणसावर फिर्यादीच्या आईचाच विश्वास नाही, त्यावर कोर्टानं का ठेवावा? न्यायाधीशांना ते पटलं.

तुला दोष देत नाही. मजकूर तुझा होता, पण संशय माझाच होता.

बाहेर राश्को माझ्याजवळ आला. त्याची बदली पार सीमेवर झालीय. म्हणाला की काकू, मनाला लावून घेऊ नका, माझ्या आईनंही हेच केलं असतं. उरोशनं त्याला मिठी मारली, मी नुसती बघत राहिले.

तेवढ्यात सुटलेले दोघे पायऱ्या उतरत आले. त्यांतला थोरला माझ्यासमोर थांबला, टोपी काढली, माझा हात अदबीनं हातात घेतला आणि अर्जाबद्दल माझे आभार मानले.

तुझी,
कोसारा