वरचा कॉस, खालचा कॉस

सोम., १२ जाने.
फळ्याकडं तोंड करणंच नको वाटतं. दिवाळीपासून हेच. गणिताच्या सरांचं पाठीचं ऑपरेशन झालं आणि मु.अ. म्हणाले, "मॅडम, दहावी तुम्हीच घ्या, सायन्सच्या आहात ना?" मी वनस्पतिशास्त्राची. गणित बारावीनंतर सोडलं ते सोडलंच.

आज त्रिकोणमितीची उजळणी. साइन अधिक कॉस, भागिले कॉस. सोपं रूप द्या. वरचा कॉस, खालचा कॉस, काट मारून उडवला. उत्तर साइन अधिक एक. पटकन संपलं म्हणून हायसं वाटलं. सानिकाच्या वहीत मात्र टॅन अधिक एक. लाल पेनानं काट मारली. "मॅडम, पण माझं चुकलं कुठं?" ओरडले तिच्यावर. ओरडायला नको होतं. अंथुर्ण्याहून सायकलवर येते पोर.

मंगळ., १३
चहाच्या वेळी ह्यांना ते गणित दाखवलं, उगीच, कौतुक करून घ्यायला. हे बारामतीला एमआयडीसीत लेथवर. टेपर, म्हणजे निमुळता उतार, काढायला टॅनचा तक्ता कायम समोर.
"पाच अधिक तीन, भागिले तीन. उडव बरं तुझ्या रीतीनं."
उडवलं. सहा.
"आन् आठाला तिनानं भागलं तर सहा येत्यात व्हय?"
हे हसले, डबा घेऊन गेले. बेरजेतला एकटा कॉस उडत नाही, दोघांनाही भागावं लागतं. साइन भागिले कॉस म्हणजे टॅन, कॉस भागिले कॉस म्हणजे एक. सानिकाचं बरोबर.

वर्गात काही बोलले नाही. पोरांनी कालच्या रीतीनं आणखी सहा गणितं करून आणली होती, सगळ्यांची उत्तरं सारखी. मी खाली सह्या केल्या.

गुरु., १५
कालच्या संक्रांतीचा तिळगूळ सगळ्यांनी हातावर ठेवला. सानिकानंही. तिचा तेवढा पर्समध्ये ठेवला.

म्हटलं, आज दुसरी पद्धत बघू. बरोबर उत्तर काढून दाखवलं, पण 'चुकलं' हा शब्द काही तोंडातून निघेना. मागच्या बाकावरून आदित्य: "मॅडम, दोन्ही उत्तरं चालत्याल ना बोर्डाला?"
"चालतील."
हे मी म्हणाले. मी! अडतीस पोरांपैकी सदतीस जणांनी लिहून घेतलं. सानिका नुसती माझ्याकडं बघत होती.

शुक्र., १६
सराव परीक्षा मंगळवारपासून. पेपर तपासायला निमगाव केतकीच्या शाळेत जाणार. सगळ्यांची एकच चूक म्हणजे शिकवलीच तशी, हे कुणालाही कळेल. मु.अ. बोलावतील. पालक येतील. दुपारभर ह्याचीच भीती. पोरांचे मार्क जातील हे नंतर आठवलं. लाज वाटली.

शनि., १७
सकाळची शाळा. सांगून टाकलं. ह्यांचं पाच आणि तीनचं उदाहरण फळ्यावर मांडलं. म्हटलं, "मी चुकीचं शिकवलं. सानिकाचं बरोबर होतं. दोन्ही चालतील म्हणाले तेही खोटं." कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

लाल काट खोडायला सानिकाची वही मागितली. मागची पानंसुद्धा तिनं खोडरबरानं पुसून, माझ्या रीतीनं पुन्हा लिहिलेली. कागद जागोजागी झिजलेला. "तुमी म्हणला म्हणून," एवढंच म्हणाली. मला रडू आवरेना, फळा पुसत राहिले.

मग आदित्यचा हात वर. "मॅडम, दिवाळीपासनं शिकवलेलं बाकीचं तरी बरोबर हाय ना?"
हो म्हणता येईना. "सोमवारी सांगते," म्हटलं, आणि वह्या गोळा केल्या.

रवि., १८
अडतीस वह्या जेवणाच्या टेबलावर. ह्यांनी युक्ती सांगितली: मूळ गणितात एक आकडा घाल, सोप्या केलेल्या उत्तरातही तोच घाल. दोन्हीकडं सारखं आलं तर बरोबर.

पहिली वही सानिकाची. दिवाळीनंतरचं पहिलं पान, बीजगणित. माझी लाल टिक, खाली 'छान'. मूळ गणितात क्षच्या जागी दोन घातले. सात आले.
आता उत्तरात दोन घालायचे. एका ओळीचं काम. मघापासून पेन हातात आहे, आणि मी हे लिहीत बसले आहे