सिरिलचा डावा डोळा

ब्राइटन,
सोमवार, १६ मार्च १९८१

प्रिय विनी,

तुझं पत्र शनिवारी सकाळी मिळालं. तू कशी आहेस हे विचारायचं मला तोंड नाही, तरी विचारतो. दोन घास पोटात जातायत ना? माझं म्हणशील तर चाललंय. गुडघे कुरकुरतात. मागच्या महिन्यात टीव्हीवर पाद्र्याचं काम केलं, दीड मिनिटाचं. एक प्रेत पुरायचं आणि छत्री उघडायची, झालं काम. जन्मभर हेच केलं बघ मी. पाद्री, हवालदार, बटलर, स्टेशनमास्तर. रस्त्यात लोक अडवतात आणि म्हणतात, "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय हो. आमच्या बँकेत होतात का?" मी हो म्हणून टाकतो. तेवढंच त्यांना बरं वाटतं.

बघ, कसे फाटे फोडतोय! माझा सख्खा भाऊ गेला, तुझा नवरा गेला, आणि मी तुला गुडघ्यांचं रडगाणं ऐकवतोय.

शुक्रवारी ये, असं तू लिहिलंस. वीस वर्षांनी ये म्हणालीस, तेही सिरिलला पुरायला, आणि मी काय बोलणार! पण त्याखाली तू जे लिहिलंयस ते मी जिन्यात बसून वाचलं. "लोक गेले की स्वयंपाकघरात, एकटीसाठी, एकदा सिरिल करून दाखव. तुझ्या त्या कार्यक्रमानंतर त्याने तसा डोळा मिटणं सोडलं ते सोडलंच. माझ्या डोळ्यांसमोर आता फक्त शेवटची आजारी वर्षं येतात. तो आधीचा सिरिल तू नेलास, लेन. तुझ्याकडेच आहे तो. एकदा बघू दे मला."

नेला खराच. नाकारत नाही. टीव्हीच्या त्या विनोदी मालिकेत दुकानदार हवा होता, दिग्दर्शक म्हणाला, "काही आहे का तुझ्याकडे?" आणि मी क्षणाचाही विचार न करता सिरिल काढून दिला. गिऱ्हाइकाने काही मागितलं की डावा डोळा मिटायचा, नाक एकदा जोरात ओढायचं आणि मग गप्प. इतका वेळ गप्प, की समोरच्याला वाटावं हा उभ्या उभ्या झोपला. त्या दुकानदाराचं नाव मिस्टर ऑडल! पाच वर्षं अख्खा देश त्या डोळ्यावर हसला. सिरिलला कौतुक वाटेल असं मला वाटलं होतं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. खोटं आहे ते. सिरिलचा विचारच माझ्या मनात आला नव्हता.

मग तुमच्या टॉडमॉर्डन गावातली पोरं तुमच्या दुकानात शिरून डोळा मिटायला लागली, हे तूच कळवलंस. मोठी माणसंसुद्धा. चांगला बिजागऱ्या विकणारा माणूस, मागच्या खोलीत जाऊन खिळे निवडत बसला आणि गल्ल्यावर तू उभी राहिलीस. तुझ्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. दौऱ्यावर होतो, असं पुढे कळवलं. दौराबिरा काही नव्हता.

विनी, शनिवारपासून मी तालीम करतोय. जुन्या टेपांतून बघावं म्हटलं, तर कंपनीने त्या कधीच पुसून वर दुसरं काहीतरी भरलंय. म्हणून आरशासमोर उभा राहिलो. डोळा मिटला. नाक ओढलं. थांबलो. काल मी तसा उभा असतानाच घरमालकीण मिसेस टिली चहा घेऊन आली आणि ट्रे ठेवून टाळ्याच पिटायला लागली. "अय्या, तो दुकानदार! अजून जमतं की हो तुम्हाला!" हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला रडू फुटलं, तर तिला तेही नाटकच वाटलं.

कारण तिचं बरोबर होतं गं. आरशात ऑडल होता. सिरिल नव्हता.

आता एक सांगतो, जे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बासष्ट सालच्या ऑक्टोबरात एका बुधवारी सिरिल कुलपं आणायला लीड्सला गेला होता, आठवतं? रात्री उशिरा रिकाम्या हाताने परतला असेल. तो लीड्सला नव्हता गेला. लंडनला आला होता. ऑडलच्या मालिकेचं आम्ही नाटक केलं होतं, त्याच्या दुपारच्या खेळाला. चौथ्या रांगेत, कडेला, टोपी मांडीवर. रंगमंचावरून मला तो स्वच्छ दिसला.

तेव्हा मी आवरतं घ्यायला हवं होतं. एक खेळ पडला असता तर पडला असता. पण तो बघतोय म्हटल्यावर मला चेवच चढला, विनी. डोळा मिटला तो मिटलाच. नाक दोनदा ओढलं, तीनदा ओढलं. लोक खुर्च्यांवरून खाली यायचे बाकी होते. एवढा हशा मला जन्मात कधी मिळाला नाही, ना आधी ना नंतर. मध्यंतरानंतर ती खुर्ची रिकामी होती. तो गेला आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

आमच्या धंद्यात असंच असतं. जिथे हशा येतो ते ठेवायचं, जिथे येत नाही ते दुसऱ्या दिवशी गाळायचं. सिरिल त्या डोळ्यावर थांबत नसे, एवढं मला पक्कं माहीत आहे. त्याच्यापुढेही काहीतरी होतं. गप्प राहून झालं की तो गिऱ्हाइकाकडे बघायचा, हाताने काहीतरी करायचा आणि हळूच काहीतरी बोलायचा, आणि लोक त्याच्यासाठीच तुमच्या दुकानात यायचे. मालिकेच्या पहिल्या आठवड्यात मी तेही करत होतो. त्यावर कुणी हसेना. म्हणून गाळलं. आता तीन दिवस आठवतोय आणि ते काही केल्या सापडत नाही.

म्हणून शुक्रवारी मी येईन, पण तू मागितलंस ते माझ्याकडे नाही. ते मी विकताना सांडून टाकलं. तुझ्या स्वयंपाकघरात ऑडल उभा करायचा आणि तुला तो सिरिल म्हणून बघायला लावायचा, हे मी करणार नाही. मला दारातूनच परत पाठवलंस तरी ते योग्यच होईल. पण आत घेतलंस, तर एवढंच सांग. डोळा उघडल्यावर तो हाताने काय करायचा गं? तुला तरी आठवतं का?

सिरिलचा धाकटा भाऊ,
लेन