अमेरिकेहून आणलेली चॉकलेटं

आबा, तुम्ही गेलात त्याला आता बारा वर्षं होतील. एवढ्या वर्षांत तुमचा असा राग कधी आला नव्हता. वाटणीत माझं नाव घेतलं नाहीत तेव्हाही नाही. परवा आला. तुमची नात मला कायमचं तिच्याकडे अमेरिकेत नेणार आहे. हे गेल्यापासून मी जळगावच्या घरात एकटी असते, ते तिला बघवत नाही. फोनवर आम्ही दोघी अर्ज भरत होतो. ती विचारते, मी सांगते. जन्म शिंदखेडा तालुक्यात, शिक्षण मॅट्रिक. मग ती म्हणाली, "आई, पूर्वी कधी इथे प्रवेश नाकारला होता का, असं विचारलंय. नाही लिहिते." मी म्हटलं, थांब.

तिला कुठून माहीत असणार? आठ वर्षांची होती ती. तिकडे अमेरिकेत दादाकडे वहिनीचं बाळंतपण, वहिनीची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून तुम्ही मला पाठवायचं ठरवलंत. मला कोणी विचारलं नाही. बाळंतपण म्हटलं तर कामाला आली समजून अडवतील, या भीतीने ओट्यावर सुपारी कातरता कातरता तुम्ही सांगितलंत, "बाळंतपननं नाव काढू नको. फिराले उनू, इतलंच सांग." मी देवापुढे बसून स्तोत्र म्हणावं तसं ते पाठ केलं. आणि आईने माझ्या बॅगेत डिंक, अळीव, बाळंतशेपा भरल्या, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी भरली, कुंच्या भरल्या. ती बॅगच सगळं सांगणार आहे, हे आपल्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. तिथल्या विमानतळावरच्या साहेबाने ती उघडली. इवलंसं झबलं दोन बोटांत धरून वर केलं. मध्ये एक हिंदी बोलणारी बाई उभी. कशाला आलात? फिरायला. त्याने पुन्हा विचारलं, आवाज न चढवता. मी पुन्हा म्हटलं, फिरायला. दादा बाहेर ताटकळत राहिला आणि मला पुढच्या विमानाने परत पाठवलं.

मुंबईला तुम्ही घ्यायला आलात. जेवलीस का, एवढंही विचारलं नाहीत. "कोनले सांगू नको, बठ्ठं गाव हासी." आणि मला घरी न नेता धुळ्याला मावशीकडे ठेवलंत, सव्वा महिना. धुळ्याहून जळगाव ते कितीसं, आबा? माझी पोर दोन-अडीच तासांवर, रोज विचारत होती की आई विमानात बसली का, आणि मी मावशीच्या मागच्या खोलीत गहू निवडत बसलेली, खिडकीत यायची बंदी. यांना सगळं माहीत होतं, पण तुमच्यापुढे यांचं तोंड उघडत नसे. मग तुम्ही मुंबईहून आणलेली चॉकलेटं माझ्या हातात दिलीत, अमेरिकेची म्हणून आळीत वाटायला. वर सत्यनारायण घातलात, लेक सुखरूप परत आली म्हणून. नावेत काय आहे विचारल्यावर पालापाचोळा आहे असं सांगणाऱ्या वाण्याचा अध्याय चालू होता, तेव्हा मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही डोळे मिटून हात जोडले होते.

इथला अर्ज भरून देणारा म्हणतो, "मावशी, नाही करून टाका. एवढं जुनं कोण उकरतंय?" तिकडची वकीलबाई म्हणते, लपवलं तर दार बंदच समजा. सांगितलं तरी अवघड आहे, कारण नुसतं परत पाठवलं एवढंच नसेल, खोटं बोलल्याची नोंदही असेल. मी तुमच्या नातीकडून तिला विचारून घेतलं, तेव्हा खरं बोलले असते तर? ती म्हणाली, कदाचित जाऊ दिलं असतं. कदाचित. पोरीजवळ राहायचं की इथेच एकटीने म्हातारं व्हायचं, हे तुमच्या त्या एका वाक्यावर ठरणार, आणि तुम्ही फोटोत हार घालून बसलेले.

मी ‘हो’ करायला सांगितलं. झालेलं सगळं पोरीला सांगितलं. ती म्हणाली, "आणि ती चॉकलेटं?" मुंबईची, म्हटलं. एक सोनेरी कागद तिने शाळेच्या वहीत जपून ठेवला होता, अजून आहे म्हणे तिच्याकडे. "सगळं आबांनी करायला लावलं," असं मी म्हणाले, आणि तिने ते मानलं.

पण त्या वेळी घरी परतल्यावर देवळातल्या बायकांनी बर्फ कसा असतो विचारलं, तेव्हा मीच सांगितलं होतं, नुकत्या वेचलेल्या कापसासारखा, फक्त हातात घेतला की राहत नाही. पोर मांडीवर बसून ऐकत होती. पुन्हा सांग म्हणाली, मी पुन्हा सांगितलं, जरा वाढवूनच. ते तुम्ही शिकवलं नव्हतंत, आबा. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.