लिंबोणीखालची भिंत

२८ एप्रिल १९५५
बाबांच्या खोलीच्या भिंतीची चीर वाढली. आता बोट जातं आत. अंगणभर भेगा, काल हातातला चमचा एका भेगेत पडला, तो गेलाच.
रामटेकच्या शाळेचं बोलावणं आलंय. मुख्याध्यापिका! बाबांना अजून बोलले नाही.

३ मे
कारण कळलं. भिंतीला लागून आईनं लावलेली लिंबोणी. बाबा रोज संध्याकाळी तिला बादल्या ओततात. काळी माती ते पाणी खाली जाऊ देत नाही, धरून ठेवते आणि फुगते. बाकीच्या घराखाली सुकून आकसलेली. म्हणजे एक कोपरा वर, घर खाली. वर्गात दरवर्षी हेच शिकवते मी, आणि...
बाबांना सांगितलं. "मंग काय झाडाले मारू? तुझ्या आईच्या हातचं हाय ते."
संपलं. रामटेकचं सांगायचं पुन्हा राहिलं.

११ मे
बाबांच्या खोलीचं दार खांदा लावून रेटल्याशिवाय लागत नाही. म्हटलं, उघडंच ठेवा.
"काहून? उन्हाच्या झावा आत येते. दुपारी झोपू नको?"

१६ मे
इतवारीच्या बाजारातून गहू घेऊन आले, तर बाबांच्या खोलीच्या दारावर आतून थाप. हाक नाही, नुसती थाप. तिरप्या झालेल्या चौकटीत दार पाचरीसारखं बसलेलं. ते ओढतायत, मी ढकलतेय. खिडकीच्या गजांतून पाण्याची लोटी दिली. ओठ फुटलेले, अंग नुसतं भाजत होतं.
"कधीपासून, बाबा?"
"तू गेली तवापासून."
शेजाऱ्यांनी कुऱ्हाडीनं दार फोडलं. बाहेर आल्यावर बाबांनी माझं मनगट धरलं, ते झोप लागेपर्यंत सोडलं नाही.

१९ मे
ताप उतरला. उठवत नाही अजून. लिंबोणीची पानं मलूल. बाबा खाटेवरून तिच्याकडे बघत राहतात, बोलत काही नाहीत. बोलले असते तर मी भांडले तरी असते.
संध्याकाळी बादली ओतली. मीच.

२२ मे
बाबांना रामटेकचं सांगितलं.
"जाय ना. मी काय तुले बांधून ठेवलं?" मग हळूच, "रातच्याले घरात कोन राहीन पण?"
म्हटलं, तुम्हीही चला. भिंतीकडे तोंड केलं.

२५ मे
सुतार नवं दार बसवायला आला. विचारत होता, आत उघडणारं करू का बाहेर?
बाबा म्हणाले, "तिले विचारा. राहाचं तिलेच हाय इथं."
मी म्हटलं, बाहेर. आतून धक्का दिला की उघडेल असं.
रामटेकला उत्तर, हो की नाही, उद्याच्या टपालानं गेलं पाहिजे.